ऑडी क्यू ७ (२०१०): पुढचा डावा कोपरा खाली, हाइट कॅलिब्रेशनमध्ये आकडा वाढवला तर गाडी आणखी खाली जाते

मांडवी_रत्नागिरी:

नमस्कार मंडळी. गाडी ऑडी क्यू ७, २०१०, ३.० टीडीआय, चारही कोपऱ्यांना एअर सस्पेन्शन. पुढचा डावा एअर स्ट्रट (हवेचा रबरी फुगा असलेला शॉक अॅब्झॉर्बर) गळत होता म्हणून नवीन बसवला. कंपनीचा नाही, बाहेरच्या बाजारातला आहे. स्ट्रट बसवल्यापासून तोच कोपरा खाली दिसतो आणि डॅशवर पिवळा दिवा आहे.

चाकाच्या मध्यापासून कमानीच्या खालच्या कडेपर्यंत टेपने घेतलेली मापं, कम्फर्ट मोडमध्ये, इंजिन चालू ठेवून:

पुढे डावी ४३१ मिमी, पुढे उजवी ४५२, मागे डावी ४६३, मागे उजवी ४६१.

व्हीसीडीएसने (लॅपटॉपवर गाडीचे दोष वाचायचं सॉफ्टवेअर) ३४ नंबरच्या, म्हणजे उंची सांभाळणाऱ्या मॉड्यूलमध्ये ०१४३७ हा कोड मिळतो, म्हणजे पातळी शिकवलेली नाही. गॅरेजमध्ये त्यांनी लॉगिन ३१५६४ देऊन अॅडॅप्टेशनमध्ये चॅनल १ ला ४५३ भरलं, कारण उजवी बाजू साधारण तेवढी आहे. कोड गेला, पण उंचीत काहीच फरक नाही. मग घरी आल्यावर २२ मिमीचा फरक भरून काढायला मी ४५३ मध्ये २२ मिळवून ४७५ भरलं, तर तो कोपरा वर यायच्या ऐवजी खाली बसला. आता टेपवर ४१० आहे आणि तिथेच थांबलाय.

शिवाय रात्री उभी केली की सकाळी पुढची डावी ९ मिमी आणखी खाली असते. बाकीचे तीन कोपरे दोन-तीन मिमीच उतरतात.

उंचीचा सेन्सर बदलायचा का? की मॉड्यूल गेलं? कोल्हापूरला न्यायची तर आंबा घाट आहे मध्ये, या उंचीवर घाट चढायचा की नाही तेही सांगा.

चिपळूण_डिझेल:

मॉड्यूल ठीक आहे. तुम्ही जे सांगितलंत ते त्याने तंतोतंत केलंय.

चॅनल १ ते ४ मध्ये किती उंची हवी ते भरायचं नसतं. आत्ता टेपवर किती दिसते ते भरायचं असतं. किती हवी हे मॉड्यूलला कोडिंगवरून आधीच माहीत आहे. म्हणजे ४३१ असताना तुम्ही ४७५ भरलंत, तेव्हा त्याला वाटलं की हा कोपरा जवळजवळ २२ मिमी उंच झालाय. त्याने तेवढी हवा सोडली आणि गाडी ४१० वर आणली. गॅरेजने ४५३ भरलं तेव्हा मॉड्यूलने समजून घेतलं की सगळं जागेवर आहे, म्हणून ते गप्प बसलं. हिशोब बरोबर जुळतो बघा. एखादा कोपरा दहा मिमी वर घ्यायचा असेल तर टेपपेक्षा दहा मिमी कमी भरावं लागेल, पण तसं मुद्दाम करू नका. खरं माप भरा, बाकीचं त्याचं तो करतो.

आता पद्धत. सगळ्यात आधी एमएमआयमध्ये (डॅशवरच्या स्क्रीनचा मेनू) जाऊन जॅक मोड बंद आहे ना ते बघा. चाक काढताना जॅक मोड चालू केला आणि विसरला तर गाडी पातळी धरतच नाही, आणि लोक कॅलिब्रेशनच्या मागे लागतात.

दुसरं, जमीन. आपल्याकडे चिऱ्याचं अंगण असो की बिल्डिंगखालचं पार्किंग, उतार असतोच, पाणी जायला ठेवलेला असतो. चाकाच्या मध्यापासून माप घेतलं तरी जमीन वाकडी असेल तर बॉडी पिळली जाते आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांवर भार कमीजास्त येतो. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल पाइप आणा. चारही टायर जिथे टेकतात त्या चार जागा एकमेकांशी ताडून बघा. तीन-चार मिमीच्या आत असेल तर चालेल. जास्त असेल तर खालच्या चाकाखाली प्लायचे तुकडे किंवा फरशी घालून गाडी त्यावर चढवा. चिरा घालू नका, कडेने फुटतो. अलाइनमेंटवाल्याचा चार खांबी रॅम्प मिळाला तर हा सगळा खटाटोप वाचतो, तो लेव्हललाच असतो.

तिसरं, माप. अलॉयचं मधलं झाकण काढून हबच्या मध्यावर पेन्सिलने खूण करा. कमानीच्या कडेवरून ओळंबा सोडा म्हणजे टेप तिरकी जाणार नाही. कडेची काळी प्लास्टिकची पट्टी सैल असेल तर दाबून माप घ्या. फेंडरला कधी डेंटिंग झालं असेल तर कमानीची कडच वर-खाली असते. अशा वेळी चेसिसच्या दोन्ही बाजूंच्या एकाच जागेवरून जमिनीपर्यंतचं माप घेऊन ताळा करा, नाहीतर सरळ गाडी वाकडी कराल. एरवी जमिनीपासून उंची मोजू नये. टायरची झीज आणि हवा दोन्ही त्यात मिसळतात.

मग प्रत्यक्ष काम. बॉनेटखालच्या जंप पॉइंटना चार्जर लावा. कॉम्प्रेसर मोठा करंट ओढतो, आणि मध्येच व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल काम अर्धवट सोडतं. गाडीत माणूस नको, डिकीत सामान नको, दारं सगळी बंद. केबल खिडकीतून बाहेर काढा आणि लॅपटॉप बाहेरच्या स्टुलावर ठेवा. इंजिन चालू, नॉर्मल पातळी. आधी पाचशे मीटर गाडी फिरवून आणा म्हणजे आर्म आणि बुश सैल होऊन जागेवर बसतात. परत येऊन उभी केल्यावर हँडब्रेक लावून ठेवू नका, त्याऐवजी चाकाला ओट (अडसर) लावा. ब्रेक आवळला की चाक फिरत नाही आणि सस्पेन्शन मोकळं हलत नाही.

लॉगिन दिल्यावर गाडी स्वतःहून थोडी वर-खाली होऊ शकते. ती पूर्ण थांबेपर्यंत हात लावू नका. थांबली की पुन्हा चारही मापं घ्या, आणि हीच मापं भरा. चॅनल १ पुढे डावी, २ पुढे उजवी, ३ मागे डावी, ४ मागे उजवी. एका दमात चारही भरायची, प्रत्येकाला सेव्ह. एकच कोपरा चुकलेला असला तरी चारही भरा. शेवटी चॅनल ५ ला १ भरून सेव्ह केलं की मॉड्यूल हे सगळं पक्कं करतं. ते राहिलं तर ०१४३७ परत येतोच.

यानंतर कोपरा आपोआप वर यायला लागेल. दोन किलोमीटर फिरवून परत त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजा. डावी-उजवी पाच मिमीच्या आत आली तर मी हात लावत नाही.

४१० वर घाट चढू नका. स्ट्रटची चाल संपायला आली की गाडी बंप स्टॉपवर (चाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर) आदळत जाते, आणि नव्या स्ट्रटचं नुकसान होतं.

कुडाळ_गॅरेज:

वरची पद्धत बरोबर आहे. पण मांडवीकर दादा, आकडे भरायची घाई करू नका. मुळात ४३१ आलंच कसं, ते आधी शोधू.

उंची स्ट्रट ठरवत नाही, सेन्सर ठरवतो. नवीन स्ट्रट जुन्यापेक्षा थोडा लांब असो की आखूड, मऊ असो की कडक, मॉड्यूल सेन्सर म्हणेल तेवढी हवा भरतं आणि थांबतं. म्हणजे नुसता स्ट्रट बदलून उंची बदलायलाच नको. ती २० मिमीने बदलली याचा अर्थ स्ट्रट काढता-घालताना सेन्सर, त्याची दांडी किंवा ब्रॅकेट यापैकी काहीतरी हललंय.

नेहमी होतं ते असं. स्ट्रट काढायला आर्म खाली सोडतात. आर्म जेवढा खाली लोंबतो तेवढी चाल सेन्सरच्या हाताला नसते. दांडी आधी सोडवली नाही तर ती ताणली जाते, आणि मग बॉल जॉइंट निखळतो, नाहीतर पत्र्याचा ब्रॅकेट वाकतो. आपल्याकडे खाऱ्या हवेने ब्रॅकेट आधीच गंजून पातळ झालेला असतो, तो नुसत्या हाताने वाकतो. कधी सेन्सरचा हात उलट्या बाजूला पलटी खातो. तसं झालं तर आकडे पार वेडेवाकडे येतात. तुमच्याकडे आकडा स्थिर आहे, म्हणून मला ब्रॅकेटचा संशय आहे.

बघायचं कसं: स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवा आणि पुढच्या डाव्या चाकामागे बॅटरी मारून बघा. उजव्या बाजूचा फोटो काढा, मोबाइलमध्ये तो आरशासारखा उलटा करा आणि डाव्या बाजूच्या फोटोशेजारी ठेवा. दांडी कोणत्या कोनात उभी आहे, ब्रॅकेटची घडी कुठे आहे, फरक लगेच दिसतो. पुढच्या-मागच्या सेन्सरच्या दांड्या आणि ब्रॅकेट एकमेकांत बदलू नका, लांबी वेगळी असते.

मग मेजरिंग ब्लॉक उघडा. चारही कोपऱ्यांची उंची मॉड्यूलला किती वाटते ते तिथे दिसतं. टेपचा आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा यांतला फरक हाच तुमचा खरा दोष. दांडी खालून सोडवून सेन्सरचा हात बोटाने सावकाश वर-खाली करा. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा अडकला तर सेन्सर आतून झिजलाय. सेन्सरला ५ व्होल्टचा पुरवठा असतो आणि मधल्या स्थितीत सिग्नल साधारण अडीच व्होल्टच्या आसपास असतो. एका टोकाला चिकटलेला दिसला तर वायर किंवा कनेक्टर बघा. कनेक्टर उघडून पिना बघाच. हिरवा कळंक चढलेला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, कोरडं करा आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस अगदी थोडं लावा. पुढच्या डाव्या सेन्सरचा विद्युत दोष असता तर ००७७६ कोड आला असता. तुमच्याकडे तो नाही, म्हणून सेन्सर विकत घ्यायची घाई नको.

वाकलेल्या ब्रॅकेटवर कॅलिब्रेशन मारलं तर गाडी सरळ दिसेल, ते मान्य. पण सेन्सरची चाल एका बाजूला सरकलेली राहते. मग लिफ्ट मोडला टाकलं की त्याचा हात टोकाला जातो, आकडा मर्यादेबाहेर जातो आणि दिवा परत लागतो. आणि तुम्ही म्हणाल मॉड्यूल गेलं.

आधी लीक बघा, मगे ब्रॅकेट बघा, आकडे सगळ्यात शेवटाक घाला. ह्यो क्रम मोडू नका.

देवगड_एअर:

लीकबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, कारण हे ९ मिमी हलक्यात घेण्यासारखे नाहीत.

गाडी फिरून आल्यावर हवा गरम असते, रात्री थंड होऊन आकसते, त्यामुळे चारही कोपरे काही मिमी उतरतात. ते लीक नव्हे. एकच कोपरा बाकीच्यांच्या तिप्पट उतरतोय, ते लीक. पण नक्की कुठे हे ठरवताना एक अडचण येते. गाडी लॉक केल्यावरही मॉड्यूल अधूनमधून जागं होऊन पातळी सारखी करू शकतं. त्यामुळे दुखणारा कोपरा सावरला जातो किंवा बाकीचे खाली आणले जातात, आणि सकाळचं चित्र फसवं निघतं. म्हणून संध्याकाळी मापं घेऊन लेव्हल कंट्रोलचा फ्यूज काढून ठेवा. वीज नसली की प्रत्येक कोपऱ्याचा व्हॉल्व्ह बंद राहतो आणि चारही स्ट्रट एकमेकांपासून तुटतात. सकाळी जो उतरला त्याच्याच स्ट्रटमध्ये, त्याच्याच फिटिंगवर, त्याच्याच पाइपमध्ये किंवा त्याच्याच व्हॉल्व्हमध्ये दोष आहे. इतर काही असूच शकत नाही.

नवीन स्ट्रटनंतरचं लीक बहुतेक वेळा फिटिंगवर असतं. भांड्याचं साबण पाण्यात घट्टसर कालवून स्प्रेने मारा आणि किमान पाच मिनिटं बघत बसा. एवढ्या मंद लीकला मोठे बुडबुडे येत नाहीत. बारीक पांढरा फेस हळूहळू साचतो, मोहरीएवढा. बॅटरी तिरकी धरली तरच दिसतो.

फिटिंगमध्ये पितळी नट आणि त्यातलं आवळपट्टं (पाइपवर आवळली जाणारी कडी) असतं. ते एकदा पाइपवर चावलं की तिथे खाच पडते. जुनंच पुन्हा वापरलं की थोडं-थोडं गळतं. नव्या स्ट्रटबरोबर नवीन फिटिंग येतं. जुनं पूर्ण काढून पाइपचं खाच पडलेलं टोक पाच-सात मिमी कापून टाका. पकडीने कापू नका, टोक चपटं होतं. धारदार ब्लेडने किंवा पाइप कटरने अगदी काटकोनात कापा. नट हाताने जाईल तेवढा घाला, मग पान्याने थोडासाच. जोर लावला तर पट्टं चेपून पाइपला चीर जाते. आणि हे मी प्रत्येक वेळी सांगतो: टेफलॉन टेप लावू नका. नळाच्या कामाची सवय असलेला माणूस ती लावतोच. तिचे तंतू आत जाऊन व्हॉल्व्हच्या सीटवर बसतात, आणि मग एक लीक बुजवताना दुसरं तयार होतं.

स्ट्रटवर फेस नाही आला तर व्हॉल्व्ह ब्लॉकवर त्या कोपऱ्याच्या पाइपपाशी मारा. तिथेही नाही, तर ड्रायरच्या (हवेतला ओलावा धरणारा भाग) बाहेर हवा सोडायची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवून बघा. गाडी बंद असताना तिथून बुडबुडे येत असतील तर व्हॉल्व्हची सीट धरत नाही.

कशालाही हात लावण्याआधी जॅक मोड चालू करा आणि चेसिसखाली दोन घोड्या (जॅक स्टँड) लावा. फिटिंग सैल केलं की गाडी एका सेकंदात खाली येते. तिच्या आणि आर्मच्या मध्ये हात असेल तर तो गेला. जॅक एकटा पुरत नाही. हवा सोडलेल्या स्ट्रटवर गाडीचं वजन कधी टेकवू नका. रिकामा रबरी फुगा चुकीच्या जागी दुमडतो आणि त्या घडीवर फाटतो. डायग्नोस्टिकमधून त्या कोपऱ्यात थोडी हवा भरा, फुगा नीट गोल दुमडलाय हे डोळ्यांनी बघा, मगच घोडी काढा. स्ट्रटचा खालचा बोल्टही गाडी उंचीवर बसल्यावरच शेवटचा आवळा. लोंबत्या आर्मला आवळला तर बुश पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

आता लीक लगेच का काढायचं, ते आपल्या हवेमुळे. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो आणि ड्रायरमधल्या दाण्यांतून सोडतो. दाणे ओलावा धरतात. गाडी खाली येताना कोरडी हवा उलट्या दिशेने त्याच दाण्यांतून बाहेर जाते आणि ओलावा घेऊन जाते. असं ते स्वतःला वाळवत राहतं. लीक असलं की कॉम्प्रेसर सारखा हवा आत भरतो, पण बाहेर सोडायची वेळ क्वचितच येते, कारण हवा लीकमधूनच गेलेली असते. दाणे वाळतच नाहीत. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिमीपेक्षा जास्त पाऊस पडतो, आणि जून ते सप्टेंबर हवेत पाणी भरलेलं असतं. दाणे एकदा भिजून गेले की पाणी पुढे जातं, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बसतं, आतली लोखंडी सळई गंजते आणि व्हॉल्व्ह अडकायला लागतात. साध्या फिटिंगचं लीक असं व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत जातं.

तुमची गाडी जुनी आहे आणि आधीचा स्ट्रट किती काळ गळत होता माहीत नाही, म्हणून ड्रायर उघडून बघा. पाइपमध्ये किंवा बाहेरच्या नळीत पांढरी पूड दिसली तर दाणे फुटलेत, बदलाच. भट्टीत वाळवून परत घालायचा सल्ला नेटवर मिळतो. दाणे कोणत्या प्रकारचे आहेत त्यावर लागणारं तापमान बदलतं, आणि फुटलेले दाणे वाळवले तरी फुटलेलेच राहतात. नवीन घाला. चाळणी आणि ओ-रिंगही नवीन घाला.

कॉम्प्रेसर कधी बदललात तर त्याचा रिले सोबत बदला. खूप चाललेल्या रिलेचे पॉइंट चिकटतात, आणि मग किल्ली काढल्यावरही कॉम्प्रेसर चालूच राहून जळतो.

मांडवी_रत्नागिरी:

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलेल्या क्रमानेच केलं.

फ्यूज काढून ठेवला, सकाळी फक्त पुढची डावी उतरलेली. स्ट्रटच्या वरच्या फिटिंगवर फेस आला, अगदी बारीक. उघडल्यावर दिसलं की जुनंच पट्टं परत वापरलेलं होतं. टोक कापून नवीन फिटिंग घातलं, आता रात्रीत चारही कोपरे सारखे उतरतात, दोन ते तीन मिमी.

फोटो शेजारी-शेजारी ठेवल्यावर ब्रॅकेट वाकलेला स्पष्ट दिसला, गंजलेलाही होता. नवीन लावला. आता अडचण अशी की ब्रॅकेट बदलून, अजून एकही आकडा न भरता, तो कोपरा ४१० वरून ४३२ वर आला आणि तिथेच थांबला. मला वाटलं ४५२ ला येईल. अजून काही वाकलंय का?

दुसरं विचारायचं होतं. पावसाळ्यात हायवेचे डायव्हर्शन आणि दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट दोन्ही असतात. कॅलिब्रेशन करतोच आहे तर चारही कोपरे १५ मिमी उंच ठेवून घेऊ का?

कुडाळ_गॅरेज:

अजून काही वाकलेलं नाही. ४१० ते ४३२ म्हणजे २२, तेवढा वाक ब्रॅकेटचा होता, तो गेला. राहिलेले २० मिमी म्हणजे ४७५ भरल्यामुळे मॉड्यूलच्या डोक्यात बसलेला फरक. तो अजून तिथेच आहे, आणि खरी मापं भरल्याशिवाय जाणार नाही. आता चिपळूणवाल्यांची पद्धत करा. पुढे डावीला ४३२ भरा, किंवा लॉगिननंतर टेपवर जे दिसेल ते. बाकी तीनही तशीच खरी. चॅनल ५ ला १. कोपरा वर येईल.

मॉड्यूलने आकडा घेतलाच नाही, एरर दिला, तर मात्र सेन्सरची चाल अजून मर्यादेबाहेर आहे असं समजा आणि दांडी परत बघा.

चिपळूण_डिझेल:

१५ मिमी उंच ठेवायला माझा स्पष्ट विरोध आहे. मॉड्यूलला खोटी मापं देऊन कायमची उंची वाढवली की ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट नेहमीच तिरक्या कोनात फिरतात आणि त्यांचा रबरी बूट लवकर फाटतो. कॅम्बर-टो (चाकांचे कोन) बदलून टायर कडेने खातो. आणि लिफ्ट मोडमध्ये वरची चालच शिल्लक राहत नाही. ज्या सोयीसाठी हे सस्पेन्शन घेतलं तीच जाते.

डायव्हर्शन खराब असेल तर ऑफरोड मोड लावा, त्यासाठीच तो दिलाय. फेरीला जेटीच्या अलीकडे रांगेत उभे असतानाच लिफ्ट मोडला टाका. वर यायला वेळ लागतो, आणि रॅम्पवर पुढचं चाक चढल्यावर बटण दाबलं तर गाडी तिरकी असताना मॉड्यूल गोंधळतं. ओहोटीला रॅम्पचा कोन जास्त असतो, तेव्हा पुढचा बंपर आधी टेकतो, मधला भाग नव्हे. म्हणून तिरकं न जाता सरळ आणि सावकाश चढा. उतरल्यावर वेग घेण्याआधी परत नॉर्मलला आणा.

कॅलिब्रेशन पूर्ण झाल्यावर दोन कामं उरतात, आणि दोन्ही लोक सोडून देतात. हेडलाइटची उंची याच सेन्सरांवरून ठरते. तुमच्या गाडीला झेनॉन असतील तर ५५ नंबरच्या मॉड्यूलमध्ये जाऊन हेडलाइटचं बेसिक सेटिंग करून घ्या. गाडीत माणूस नको, आणि गाडी नॉर्मल पातळीवर हवी. नाहीतर आतापर्यंत वाकड्या गाडीप्रमाणे जुळवलेले दिवे समोरच्याच्या डोळ्यात जातील, आणि रात्री घाटात ते धोक्याचं आहे. त्यानंतर व्हील अलाइनमेंट, तीही नॉर्मल पातळीवरच. अलाइनमेंटवाल्याला रॅम्पवर घेताना जॅक मोड बंद आहे का ते स्वतः बघायला सांगा. इतके दिवस ४१० वर चाललेल्या गाडीच्या पुढच्या डाव्या टायरची आतली कड हाताने चाचपा. दात-दात लागत असतील तर टायर मागे टाका किंवा बदला, आवाज त्याचाच येतो.

देवगड_एअर:

एक जोडतो. नव्या ब्रॅकेटला आणि दांडीच्या बॉल जॉइंटला आत्ताच अंडरकोट किंवा मेणाचा स्प्रे मारून ठेवा, सेन्सर आणि कनेक्टर झाकून. समुद्राच्या वाळूवर गाडी नेलीत तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने खालून धुवा, पण प्रेशर गन फुग्याच्या घडीवर आणि सेन्सरवर जवळून धरू नका. फुग्याच्या घडीत वाळू राहिली तर प्रत्येक हालचालीला ती रबर घासत राहते. लिफ्ट मोडला घेऊन घडी उघडा, साध्या नळाच्या पाण्याने वाळू काढा, मग नॉर्मलला आणा.